संगणक चालू होतो, पण स्क्रीन काळीच राहते

इस्राएलमधून आणि महाराष्ट्रातून अनेक तरुण आज शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत जातात. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत तर भारतीयांची संख्या आता सर्वांत मोठी आहे. अशा मुलामुलींना चांगला संगणक लागतोच. बरेच जण तयार संगणक न घेता सुटे भाग मागवून तो खोलीवर स्वतः जोडतात. त्यात पैसे वाचतात, शिकायलाही मिळते. पण सगळे जोडून बटण दाबले, पंखे फिरू लागले, आत दिवेही लागले आणि स्क्रीन मात्र काळीच राहिली, म्हणजे त्या मुलाचा जीव अर्धा होतो. मग लोदला, अश्दोदला नाहीतर ठाण्याला फोन येतो, आणि घरच्यांनाही काय सांगावे ते कळत नाही.

हा प्रश्न पैशांचाही आहे. विद्यार्थी म्हणून जर्मनीत राहण्याचा परवाना घेताना महिन्याला ९९२ युरो खर्चाची सोय दाखवावी लागते, असा २०२४ साली ठरलेला आकडा आहे. हजार युरोचा संगणक म्हणजे त्या मुलाचा पुरा महिना. घाबरून एकामागून एक नवे भाग मागवले, तर दुसराही महिना जातो. म्हणून काळ्या स्क्रीनचे कारण कोणत्या क्रमाने शोधावे आणि भाग खरोखर बिघडलेला निघाला तर जर्मनीत ग्राहकाचे हक्क काय आहेत, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत देत आहोत. ज्याला संगणकातले काही कळत नाही त्या आईवडिलांनीही फोनवर एकेक ओळ वाचून दाखवावी, एवढाच हेतू आहे.

चित्र येण्याआधी आत काय घडते

संगणकाला हिब्रूत 'महशेव' म्हणतात, जर्मनीत 'रेश्नर' असाही शब्द आहे आणि मराठीत आपण 'संगणक' म्हणतो. तिन्ही शब्दांच्या मुळाशी हिशेब किंवा गणना आहे. बटण दाबल्यावर हे यंत्र पहिला हिशेब स्वतःचाच करते. पॉवर सप्लाय भिंतीतली वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा लहान दाबांत वाटून देतो. वीज नीट आहे असा इशारा मिळाला की प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमधली बायॉस नावाची सूचनावली वाचू लागतो. ही बायॉस आधी प्रोसेसर तपासते, मग मेमरी, मग ग्राफिक कार्ड. हे सगळे जमले तरच पहिले चित्र स्क्रीनवर येते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, या तपासणीत कुठे अडले तर संगणक ते लिहून सांगू शकत नाही, कारण लिहायची पाटीच अजून तयार नसते. काळी स्क्रीन म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. ते वाटेत कुठेतरी थांबले आहे, एवढेच. दुसरी, विंडोज किंवा हार्ड डिस्क यांची पाळी या तपासणीनंतर येते. डिस्क मुळीच जोडली नसली तरी पहिले चित्र यायलाच हवे. म्हणून एकही अक्षर दिसत नसेल तेव्हा विंडोजवर किंवा डिस्कवर वेळ घालवू नये.

हात लावण्यापूर्वी

भारत, इस्राएल आणि जर्मनी या तिन्ही देशांत घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच आहे, पण प्लग वेगवेगळे आहेत. जर्मन 'शुको' प्लगला दोन गोल खुंट्या असतात आणि अर्थिंगची पट्टी बाजूला असते. भारतातून किंवा इस्राएलमधून आणलेली वायर अडाप्टर लावून वापरू नये, कारण पुष्कळ अडाप्टरांतून अर्थिंग पुढे जात नाही. शुको प्लगची वायर थोड्या युरोंत मिळते, तीच घ्यावी.

जर्मन हिवाळ्याची दोन पथ्ये आहेत. बाहेर बर्फ असताना आलेले पार्सल उबदार खोलीत उघडले की थंड धातूवर दव धरते. म्हणून ते दोन-तीन तास खोलीत तसेच राहू द्यावे आणि मगच जोडायला घ्यावे. दुसरे, हीटरने खोलीतली हवा फार कोरडी होते. अलिबाग-पनवेलच्या दमट हवेत वाढलेल्यांना स्थिर विजेचा चटका क्वचितच बसला असेल, पण तिकडे लोकरी मोजे घालून गालिच्यावर चालले तरी बोटाला ठिणगी बसते. तीच ठिणगी मेमरीला मारू शकते. म्हणून मोजे काढावेत, टेबलाशी काम करावे आणि एखादा भाग हातात घेण्यापूर्वी दर वेळी केसच्या उघड्या धातूला हात लावावा.

कोणतीही तार काढण्याघालण्यापूर्वी भिंतीतला प्लग काढावा आणि मग चालू करायचे बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेली वीज जिरवावी. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जिवाला धोका होण्याइतकी वीज राहते.

आधी बाहेरचे पाहावे

सर्वांत स्वस्त कारणे आधी तपासावीत. मॉनिटरला वीज आहे का? मॉनिटरवर योग्य वाट निवडली आहे का? तार एचडीएमआयला लावली आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टकडे पाहत बसला, तर चित्र दिसणार नाही. 'काइन सिग्नाल' अशी अक्षरे मॉनिटरवर येत असतील तर मॉनिटर चांगला आहे, त्याला फक्त चित्र मिळत नाही असे समजावे. शक्य असल्यास तीच तार आणि तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहावा.

मग पाहावे की मॉनिटरची तार मागे कोठे लावली आहे. नवशिक्यांची इथे फार वेळा फसगत होते. मागच्या बाजूला एचडीएमआयची भोके दोन ठिकाणी असतात, वर मदरबोर्डवर आणि खाली आडव्या ग्राफिक कार्डावर. ग्राफिक कार्ड बसवले असेल तर तार कार्डालाच लावावी. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' आहे त्याला स्वतःचे चित्र काढता येत नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेपर्यंत बहुतेक साध्या प्रोसेसरांचेही तसेच होते. ७००० मालिकेपासून बहुतेकांत ती सोय आली, पण तेथेही 'एफ' असल्यास नाही. अशा प्रोसेसरबरोबर मदरबोर्डच्या भोकात तार लावली तर वर्षभर वाट पाहिली तरी चित्र यायचे नाही.

पंखे फिरतात म्हणजे वीज पोचली असे नव्हे

पंखे फिरले म्हणजे सगळीकडे वीज गेली, अशी समजूत होते. पण प्रोसेसरला वेगळी तार लागते. मदरबोर्डच्या कडेला २४ खुंट्यांची मोठी तार असते, आणि वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, ८ खुंट्यांची दुसरी. केसमध्ये ती जागा अडचणीची असल्याने ही दुसरी तार राहून जाते. मग पंखे फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी. ग्राफिक कार्डाचीही स्वतःची तार असते, ती शेवटपर्यंत आत गेली आहे का ते बोटाने चाचपावे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रोसेसरची आणि ग्राफिक कार्डाची ८ खुंट्यांची तार दिसायला सारखी असली तरी एक नाही. जी सहज जात नाही ती जोर लावून बसवू नये. आणि ज्या पॉवर सप्लायच्या तारा सुट्या निघतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायच्या तारा कधीही लावू नयेत. तोंड जुळते, पण आतली वाटणी वेगळी असते. एका क्षणात सगळे जळू शकते.

यंत्र काय सांगते आहे

आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर एका कडेला चार बारीक दिवे असतात. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरे लिहिलेली असतात. तपासणी चालू असता ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो दिवा लागून तसाच राहील, तेथे गाडी अडली आहे. महाग बोर्डांवर दोन आकड्यांचा लहान फलक असतो. पूर्वी संगणक बीप वाजवून कारण सांगत असे. अजूनही बऱ्याच बोर्डांवर दोन-चार युरोंचा छोटा स्पीकर लावता येतो. किती बीप म्हणजे काय बिघाड, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावे.

दिव्याचा फोटो काढून ठेवावा. घरी फोन करायचा असेल, दुकानाला लिहायचे असेल, तर 'चालत नाही' या दोन शब्दांपेक्षा तो फोटो कितीतरी जास्त सांगतो.

मेमरी आणि धीर

डीरॅमचा दिवा लागून राहिला तर घाई करू नये. नव्या डीडीआर-५ मेमरीला पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो. विशेषतः एएमडीच्या एएम-५ बोर्डांवर या कामाला काही मिनिटे लागतात, मेमरी जास्त असेल तर आणखी. तोवर स्क्रीन काळीच असते. अनेक जण दोन मिनिटांत घाबरून वीज बंद करतात आणि बोर्डाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबावे.

तरीही काही नाही, तर प्लग काढून मेमरीच्या पट्ट्या काढाव्यात आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवाव्यात. चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी, म्हणजे ए-२ आणि बी-२, या खाचा वापरायच्या असतात. मग एकच पट्टी ठेवून पाहावे, नंतर तिच्या जागी दुसरी. एका पट्टीने चित्र आले आणि दुसरीने नाही आले, तर गुन्हेगार सापडला.

यानंतर बायॉसच्या नोंदी पुसाव्यात. वीज तोडून, पुस्तिकेत दाखवलेल्या दोन खुंट्या काही सेकंद जोडाव्यात, किंवा बोर्डावरील ३ व्होल्टची सीआर-२०३२ ही चपटी बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवावी.

अजून एक कारण डोळ्यांना दिसत नाही. प्रोसेसर नवा आणि मदरबोर्ड दुकानात वर्षभर पडलेला असेल, तर बोर्डाच्या जुन्या बायॉसला तो प्रोसेसर ओळखीचा नसतो. कोणत्या आवृत्तीपासून तो चालतो हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत दिलेले असते. पुष्कळ बोर्डांवर मागे एक बटण असते. यूएसबी पेनड्राइव्हवर नवी बायॉस ठेवून ते दाबले की चित्राशिवायही ती बदलता येते. ते काम चालू असताना वीज मात्र मुळीच जाऊ देऊ नये.

सगळे बाहेर काढून, एकेक आत

इतके करूनही अंधारच असेल, तर शेवटचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय करावा. मदरबोर्ड केसमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि मेमरीची एक पट्टी, एवढेच ठेवावे. प्रोसेसरला चित्र काढता येत नसेल तरच ग्राफिक कार्ड लावावे. चालू करायच्या दोन खुंट्यांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की बोर्ड सुरू होतो. चित्र आले, तर दोष केसमध्ये आहे. बहुधा बोर्डाखाली नको तेथे एखादा पितळी खांब राहून तो मागून टेकत असतो. मग एकेक भाग परत लावत जावे आणि दर वेळी चालू करून पाहावे.

चित्र आले नाही, तर प्रोसेसर उचलून त्याखालची जागा प्रकाशात पाहावी. इंटेलच्या आणि एएम-५ च्या बोर्डांत केसाइतक्या बारीक खुंट्या बोर्डावरच असतात. त्यांतली एक जरी वाकली तरी सगळे थांबते. तेथे बोट लावू नये, फक्त फोटो काढावा.

आपल्या पूर्वजांचे घाणे आठवावेत. तेल पडेना म्हणून कोणी उठून बैल विकला नाही. आधी लाट नीट बसली आहे का, दाणा ओला आहे का, ते पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तेव्हापासूनचा आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तरी दोष कशात होता ते कळत नाही.

जर्मनीत घरी संगणक बांधणाऱ्या पहिल्या माणसानेही हेच केले. कोनराड त्सूझे याने बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात आईवडिलांच्या घरात १९३६ ते १९३८ या काळात 'झेड-१' हे यंत्र बांधले. धातूच्या पत्र्यांचे हे यंत्र वारंवार अडकत असे. त्याने सगळे मोडून टाकले नाही. मेमरी चांगली चालत होती, ती तशीच ठेवली आणि फक्त हिशेब करणारा भाग बदलून तो टेलिफोनच्या रिलेंनी बांधला. हे 'झेड-२'. मग सगळेच रिलेंचे 'झेड-३' त्याने मे १९४१ मध्ये चालवून दाखवले. त्याला स्क्रीन नव्हतीच, उत्तर दिव्यांनी कळे. त्सूझेचे काम त्या राजवटीच्या लष्करी विमानविद्येशी जोडलेले होते. आणि त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९४१ रोजी, त्याच शहरातील ग्रुनेवाल्ड स्थानकातून बर्लिनच्या यहुदी बांधवांना हद्दपार करणारी पहिली गाडी निघाली. बर्लिनला शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तेथील तंत्र संग्रहालयात झेड-१ ची पुन्हा बांधलेली प्रत जरूर पाहावी, आणि ग्रुनेवाल्डचा १७ क्रमांकाचा फलाटही पाहावा.

भाग खरोखर बिघडलेला निघाला तर

येथे कॅलेंडर हाती घ्यावे. जर्मनीत व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. याला 'विडररूफ' म्हणतात. एका ऑर्डरचे भाग वेगवेगळ्या दिवशी आले, तर शेवटचा भाग मिळाल्यापासून दिवस मोजावेत. नुसती वस्तू परत पाठवू नये. खरेदी रद्द करतो असे स्पष्ट लिहून कळवावे, आणि त्यानंतर १४ दिवसांत वस्तू पाठवावी. परतीचा टपालखर्च बहुधा आपल्याला पडतो. दुकानात जाऊन समोरासमोर घेतलेल्या वस्तूला हा हक्क नाही, तेथे दुकानदाराची मर्जी.

पण वापरून पाहिलेल्या वस्तूचे काय? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० साली एका खटल्यात सांगितले की, पाण्याची गादी भरून पाहणे ही तपासणीच आहे, तिचे पैसे कापता येणार नाहीत. त्याच न्यायालयाने २०१६ साली, मोटारीत बसवून चालवून पाहिलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल मात्र, ग्राहकाने किमतीतील घट भरून द्यावी असे ठरवले. संगणकाचे भाग या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतात. म्हणून सगळी खोकी, पिशव्या आणि विशेषतः प्रोसेसरच्या जागेवरचे प्लॅस्टिकचे झाकण टाकू नये. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून, सगळे होते तसे परत करावे.

१४ दिवस उलटले तरी वाट संपत नाही. नव्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. तिचे नाव 'गेवेरलाइस्टुंग'. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या बारा महिन्यांत निघालेला दोष मुळातलाच होता असे कायदा मानतो. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. दुरुस्ती हवी की बदली, हे ग्राहकाने सांगायचे, आणि पाठवण्याचा खर्चही विक्रेत्याचा. कंपनीची 'गारांटी' ही वेगळी आणि ऐच्छिक गोष्ट आहे. विक्रेता 'कंपनीला विचारा' म्हणाला, तर नम्रपणे पण ठामपणे 'गेवेरलाइस्टुंग' हा शब्द लिहावा. अडचण आली तर प्रत्येक जर्मन राज्यात 'फेरब्राउखरत्सेंट्राले' हे ग्राहक सल्ला केंद्र असते. खासगी माणसाकडून जुना भाग घेतला असेल, तर मात्र विडररूफ नाही, आणि बहुतेक वेळा दुसरी जबाबदारीही तो आधीच नाकारतो.

विक्रेत्याला लिहिताना उपयोगी पडतील असे काही शब्द: चित्र येत नाही म्हणजे 'काइन बिल्ड', पॉवर सप्लाय म्हणजे 'नेट्सटाइल', मेमरी म्हणजे 'आरबाइट्सश्पायशर', ग्राफिक कार्ड म्हणजे 'ग्राफिककार्टे', आणि सदोष म्हणजे 'डेफेक्ट'. कोणता दिवा लागला, काय काय काढून पाहिले, हे तारखेसह ओळीने लिहावे. ज्याने क्रमाने तपासले आहे त्याच्या पत्राला चटकन नाही म्हणता येत नाही.

ज्यांचे मूल जर्मनीत आहे त्यांनी या पानाचा फोटो काढून त्याला पाठवून ठेवावा. आणि रात्री अकरा वाजता घाबरा फोन आलाच, तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा: 'बाळा, तार ग्राफिक कार्डाला लावली आहेस ना?'